स्टुडिओ मॉनिटरच्या कोनवर डाग, ओघळ, पोचा: काय सोडून द्यायचं आणि कशासाठी बदलून मागायचं

घरी छोटा सेटअप लावणाऱ्या मंडळींचे मला जे मेसेज येतात त्यात एक प्रकार ठरलेला असतो. स्टुडिओ मॉनिटरच्या, म्हणजे मिक्सिंगसाठीच्या स्पीकरच्या, वूफरचा (खालचे सूर वाजवणारा मोठा ड्रायव्हर; ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग, आणि कोन म्हणजे त्याचा पुढेमागे हलणारा पडदा) क्लोजअप फोटो, त्यावर लाल गोल काढलेला, आणि खाली "दादा हा पीस डिफेक्टिव्ह आहे का?" फोटोवरून सांगता येत नाही हो. मी एक जोडी भांडून बदलून घेतलीय, आणि एक जोडी गोंदाचे ओघळ असूनही ठेवलीय जी आजही रोज वाजते, तर या दोन्हीत फरक कसा ओळखायचा ते इथे क्रमाने लिहितोय. पक्कं एवढं धरा की प्रश्न "ड्रायव्हर कसा दिसतो" हा नाहीच, "डावा आणि उजवा सारखे वाजतात का" हा आहे. बाकी सगळं त्याच्या मागून.

सुरुवात करण्याआधी हे जवळ ठेवा:

- जीएसटी बिल, तुमच्या नावाचं, त्यावर दोन्ही सिरियल नंबर असले तर उत्तम
- बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ, मध्ये कट न करता (पाठीमागचा सिरियल नंबर त्यात दिसू दे)
- मूळ बॉक्स आणि थर्माकोल, परत करायची मुदत संपेपर्यंत तरी भंगारवाल्याला द्यायचं नाही
- मोबाइलचा टॉर्च, मऊ कोरडा ब्रश (मेकअपचा चालतो), मोजपट्टी
- जमलं तर मेजरमेंट माइक. यूएसबीवर चालणारा यूमिक-१ सोपा पडतो, बेहरिंगरचा ईसीएम८००० स्वस्त आहे पण त्याला फॅन्टम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) देणारा ऑडिओ इंटरफेस लागतो
- रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर, माइकवरून आवाज मोजून त्याची रेघ (आलेख) काढतं, फुकट आहे

माइक नसेल तरी अडत नाही, कानाने बरंचसं होतं.

१. आधी आपला ड्रायव्हर कशाचा बनलाय ते बघा

कारण काही "दोष" हा त्या मटेरियलचा स्वभावच असतो. सगळ्यात भारी उदाहरण यामाहा एनएस-१० चं. १९७८ साली आलेला, पांढऱ्या कोनचा, जगभरातल्या स्टुडिओंत मिक्सिंग कन्सोलवर आडवा ठेवलेला दिसायचा तो. त्याचा कोन साच्यात दाबून काढलेला नव्हता, सपाट कागद गोल वळवून दोन टोकं चिकटवलेली होती, त्यामुळे कोनवर सांध्याची रेघ असते. आज कोणी नवीन मॉनिटर उघडला आणि कोनवर अशी उभी रेघ दिसली तर तो पहिल्या मिनिटाला रिटर्न टाकेल! आणि इकडे त्याच सांधलेल्या कोनवर कितीतरी हिट रेकॉर्ड मिक्स झाल्या. २००१ साली एनएस-१० बंद झाला तो सुद्धा आवाजात खोट निघाली म्हणून नाही, कोनला लागणारा लगदा मिळेनासा झाला म्हणून.

आता हल्लीचे बघू. केव्हलार किंवा तसल्या विणलेल्या कोनमध्ये, म्हणजे केआरके रोकिटचा पिवळा किंवा प्रीसोनस एरिसचा, विणीची दिशा डाव्या-उजव्यात वेगळी असू शकते, एखादा धागा जाड दिसतो, विणीच्या खड्ड्यात रेझिनचा चकाकता ठिपका असतो. सोडून द्या. फोकल अल्फा इव्होचा करडा कोन तर रीसायकल केलेल्या कार्बन फायबरचा आहे, न विणलेला, धागे वाट्टेल तसे पसरलेले, म्हणून दोन कोन एकसारखे दिसणारच नाहीत. यामाहा एचएसचा पांढरा कोन दिसायला झकास, पण बोटाचा ठसा, उदबत्तीचा धूर, चहाचा शिंतोडा, सगळं त्यावर उठून दिसतं, तेच काळ्या कोनवर असतं तर तुम्हाला कळलंही नसतं. अॅडमच्या मॉनिटरमध्ये ट्वीटरला (वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर) घुमटासारख्या डोमऐवजी घड्या घातलेली पातळ पट्टी असते, त्या घड्या टॉर्च मारून बघितल्या तर थोड्या कमीजास्त वाटू शकतात, त्यावरून काही ठरवू नका आणि त्याला बोट तर अजिबात लावू नका.

२. टॉर्च मारून बघायचं, पण काय बघायचं

मॉनिटर बंद, प्लग काढलेला. टॉर्च समोरून नाही, बाजूने तिरका मारा म्हणजे उंचसखल दिसतं.

ज्याच्यावर झोप उडवायची गरज नाही: कोन आणि सराउंडच्या सांध्यावरचा गोंद (सराउंड म्हणजे कोनच्या कडेचा रबराचा गोल, दुकानात याला नुसतं रबर म्हणतात) कुठे जाड कुठे पातळ असणं, डस्ट कॅपच्या कडेने गोंद बाहेर आलेला असणं, डस्ट कॅप मधोमध नसून एखादा मिलिमीटर सरकलेली असणं. या शेवटच्यावर लोक फार वाद घालतात. डस्ट कॅप ही वरून लावलेली टोपी आहे, आतली कॉइल (कोनला मागून जोडलेली, मॅग्नेटच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी) बरोबर मध्यावर असली की झालं, आणि कॉइल मध्यावर आहे की नाही हे टोपीवरून कळत नाही, ते पुढच्या स्टेपमध्ये कळेल.

रबराच्या सराउंडवर पांढुरकी भुकटी दिसली तर घाबरू नका आणि लगेच बुरशीही समजू नका. रबरात टिकाऊपणासाठी मेणासारखे पदार्थ घातलेले असतात ते हळूहळू पृष्ठभागावर येतात, बरेच दिवस बॉक्समध्ये पडून राहिलेल्या पीसमध्ये हमखास. किंचित ओलसर सुती कापडाने पुसलं की जातं, पुन्हा आलं तर पुन्हा पुसा. बुरशी वेगळी दिसते, ती केसाळ ठिपक्याठिपक्यांची असते, कागदी कोनवर जास्त धरते, आणि कोंदट वास येतो.

ज्याच्याकडे लक्ष द्यायचं ते हे: सराउंड कोनपासून कुठे सुटलाय का, सराउंडला चीर आहे का, कोनलाच घडी पडलीय का (रेघ नाही, मोडल्यासारखी घडी), ड्रायव्हर कॅबिनेटमध्ये तिरका बसलाय का, स्क्रूची डोकी खरवडलेली आहेत का. खरवडलेले स्क्रू म्हणजे आधी कोणीतरी उघडलंय, नवा म्हणून विकलेल्या पीसमध्ये हे दिसलं तर तिथल्या तिथे फोटो काढा.

पोचा पडला असेल तर कुठे पडलाय ते महत्त्वाचं. वूफरच्या डस्ट कॅपला पोचा म्हणजे घरात लहान मूल आहे एवढाच अर्थ बहुतेक वेळा, आवाजात फरक इतका कमी की मोजायला गेलात तरी शोधावा लागतो. ट्वीटरच्या डोमला पोचा ही वेगळी गोष्ट, कारण तिथला सगळा आवाज त्या इंचभर डोममधूनच येतो. कापडी डोम पुष्कळदा आपोआप वर येतो, धातूचा डोम दबला की घडी कायमची राहते. आणि यूट्यूबवर व्हॅक्यूम क्लीनरने ओढून काढायचे व्हिडिओ आहेत ते ट्वीटरवर करू नका, डोम वर येईल आणि सोबत कॉइलही जागेवरून हलेल. फोकलच्या सोलो६ बीई, ट्रायो६ बीई अशा बेरिलियम ट्वीटरवाल्या मॉनिटरचा डोम फुटला असेल तर त्याला हातच लावायचा नाही, बेरिलियमची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसाला घातक असते. टेपने झाकून बंद करून सर्व्हिसला.

३. हाताने तपासा (फक्त वूफर)

मॉनिटर बंदच. दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपच्या बाहेर समोरासमोर ठेवून कोन अगदी हळू आत ढकला आणि सोडा, दोन्ही बाजूंना सारखाच जोर. गुळगुळीत आत जाऊन परत आला तर छान. खर्र असं घासल्यासारखं जाणवलं किंवा ऐकू आलं तर कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासतेय, आणि हा खरा दोष आहे, मग वरून कोन कितीही देखणा असू दे. एका बाजूनेच जोर दिलात तर चांगला ड्रायव्हरही घासेल, त्यामुळे दोनदा-तीनदा करून मगच निष्कर्ष काढा.

४. आता वाजवा, पण आधी पाठीमागची बटणं बघा

जोडीत फरक वाटण्याचं सगळ्यात कॉमन कारण ड्रायव्हर नसतोच! पाठीमागे हाय ट्रिम, लो ट्रिम, रूम कंट्रोल, गेन असे स्विच आणि नॉब असतात आणि एकाचा हाय ट्रिम शून्यावर आणि दुसऱ्याचा प्लस दोनवर, असं निघतं. बॉक्समधून काढताना बोट लागतं, नाहीतर दुकानातल्या डेमोत कोणीतरी फिरवलेलं असतं. आधी सगळे स्विच सारखे करा. गेनचा नॉब अडकत अडकत फिरणारा नसेल तर डोळ्याने नाही, कानाने किंवा मोबाइलच्या साउंड मीटरने जुळवा.

मग हे क्रमाने:

क) कोणाचा तरी बोलण्याचा मोनो आवाज लावा, एकट्या माणसाचा, मागे संगीत नको. आधी फक्त डावा, मग फक्त उजवा. फरक वाटला तर लगेच दोष ठरवायचा नाही, मॉनिटरची अदलाबदल करा, डाव्याच्या जागी उजवा. फरक मॉनिटरबरोबर गेला तर मॉनिटर दोषी. फरक जागेवरच राहिला तर तुमची खोली दोषी (एका बाजूला भिंत दुसऱ्या बाजूला खिडकी, आपल्या फ्लॅटमध्ये हे असणारच) किंवा केबल. केबल्सचीही अदलाबदल करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि कित्येक रिटर्न इथेच वाचतात.

ख) ३० हर्ट्झपासून ३०० हर्ट्झपर्यंत हळू चढणारा साइन स्वीप (एकच सूर खालून वर सरकत जातो तो) लावा, आवाज मध्यम. शुद्ध सूर ऐकू यायला पाहिजे. मध्येच कुठे चरचर, फरफर, टिकटिक आली तर फ्रीक्वेन्सी लिहून ठेवा. आता मॉनिटर उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन तोच स्वीप. पुष्कळ वेळा वाजत असतं ते कपाटाचं दार, खिडकीची काच, देव्हाऱ्यातली घंटी, काहीही. अगदी खालच्या सुरांना पोर्टमधून (कॅबिनेटला हवेसाठी ठेवलेलं भोक) हवेचा फुसफुस आवाज येतो तो वेगळा, तो दोष नाही, छोट्या मॉनिटरला तुम्ही ३० हर्ट्झ मागताय म्हणून तो बिचारा धापा टाकतोय.

ग) वरच्या फ्रीक्वेन्सीचा साइन मोठ्या आवाजात लावून ठेवू नका. ट्वीटरची कॉइल केसासारख्या तारेची असते, सततच्या सुराने तापते, तपासणीच्या नादात ट्वीटर जळायचा.

माइक असेल तर एक मॉनिटर स्टँडवर, माइक समोर पन्नास-साठ सेंटिमीटरवर, मोजा, मग माइक न हलवता त्याच जागी दुसरा मॉनिटर ठेवून मोजा. दोन रेघा एकमेकींवर टाका. एक डेसिबलच्या आत असतील तर मी पुढे बघतच नाही. एखाद्या रुंद पट्ट्यात दोन-तीन डेसिबलचा फरक, जो अदलाबदल करूनही त्याच मॉनिटरबरोबर फिरतो, तो मात्र बदलून मागण्यासारखा. खोलीमुळे दोन्ही रेघा वेड्यावाकड्या येतील, येऊ देत, आपल्याला सपाट रेघ नकोय, सारखी रेघ हवीय.

आणि "बर्न-इन होऊ दे, सुधारेल" (म्हणजे काही दिवस वाजवून मोकळा होऊ दे) असं कोणी म्हणालं तर एवढं लक्षात घ्या, नव्या ड्रायव्हरचं सस्पेन्शन (कोनला धरून ठेवणारा लवचिक भाग) सुरुवातीला थोडं सैल होतं हे खरं, पण त्याने घासणारी कॉइल बरी होत नाही. हे वाक्य काही विक्रेते मुद्दाम वापरतात, तोपर्यंत रिटर्नची मुदत निघून जाते.

५. बदलून मागायचं ठरलं तर

"आवाज बरोबर वाटत नाही" असं लिहिलंत तर उत्तर येईल "सर नॉर्मल आहे". त्यापेक्षा असं लिहा: "सिरियल नंबर अमुक, यातल्या वूफरमधून ८५ हर्ट्झच्या आसपास घासल्यासारखा आवाज येतो, मध्यम आवाजातही येतो, केबल, जागा आणि खोली बदलून पाहिली, दोष याच पीसबरोबर राहतो, दुसऱ्या पीसमध्ये नाही, व्हिडिओ जोडला आहे." माझी जोडी बदलून मिळाली ती अशाच मेलवर, आधी फोनवर नुसते वाद झाले होते. फोनवर बोलणं झालं तरी मागोमाग मेल टाकाच. दाद लागलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

दिसण्यातल्या बारीक गोष्टी सहसा वॉरंटीत येत नाहीत. डाग तुम्हाला सहनच होत नसेल (पैसे दिलेत, वाटू शकतं, त्यात गैर काही नाही) तर तो रिटर्नच्या मुदतीत परत करा, वॉरंटीच्या नावाखाली भांडू नका.

अमेरिकेतल्या मामेभावाकडून मागवलेल्या मॉनिटरचं गणित वेगळं. एक तर इथला डिस्ट्रिब्युटर वॉरंटी देईलच असं नाही, आणि मागे व्होल्टेजचा स्विच असेल तर तो ११५ वर असतो. २३० वर करायच्या आधी प्लग लावलात तर हा लेख पुढे वाचायची गरज उरणार नाही.

६. टिकवायचं कसं

ड्रायव्हरमध्ये सगळ्यात आधी काय जातं हे मटेरियलवर आहे. फोमचा सराउंड असेल तर तोच. पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो, आधी चिकट होतो, मग बोट लावलं की चुरा. दहा-वीस वर्षांत हे होतंच आणि पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्के असलेल्या मुंबई-कोकणात त्याहून लवकर. जेबीएलच्या जुन्या मोठ्या स्टुडिओ मॉनिटरमधला २२३५एच हा पंधरा इंची वूफर यासाठी प्रसिद्ध आहे, बाकी सगळा दणकट, फक्त फोम बदलून घ्यावा लागतो. हल्लीच्या बहुतेक मॉनिटरला रबर असतं, ते खूप वर्षं जातं. एक गंमत म्हणजे अॅक्टिव्ह मॉनिटरमध्ये (ज्याच्यात अॅम्प आतच असतो) बऱ्याचदा ड्रायव्हर ठणठणीत असतो आणि आतल्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर उष्णतेने आधी मान टाकतात. त्यामुळे जुना मॉनिटर गुणगुणायला लागला किंवा चालू व्हायला वेळ घ्यायला लागला तर वूफरवर संशय घेऊ नका. आणि पाठ भिंतीला चिकटवून ठेवू नका, वारा लागू दे.

बाकी सवयी:

मॉनिटर सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद. इंटरफेस चालू-बंद होताना किंवा फॅन्टम चालू असताना माइकची केबल उपटली की जो धप्प आवाज येतो तो कोनला थेट धक्का असतो. लाइट जाण्याच्या वेळा ठरलेल्या असतील अशा गावात राहत असाल तर लाइट गेल्यावर मॉनिटरचा स्विच हाताने बंद करायची सवय लावा, नाहीतर लाइट आल्यावर सगळं एकदम चालू होतं, धप्प.

पावसाळ्यात प्लॅस्टिकने झाकू नका, आत ओल कोंडते. जुनी सुती साडी किंवा चादर उत्तम. महिना महिना बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ वाजवलेला बरा. समुद्राजवळ राहत असाल तर मागचे कनेक्टर अधूनमधून काढून कोरड्या कापडाने पुसा.

ऊन सरळ कोनवर पडू देऊ नका. केव्हलार उन्हाने काळपट पिवळा पडतो आणि कमकुवतही होतो, इथे रंग बदलणं नुसतं दिसण्यापुरतं राहत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत मॉनिटरवर "हात लावू नये" अशी चिठ्ठीच लावा. काच पुसायचा स्प्रे, ओलं फडकं आणि व्हॅक्यूम क्लीनर हे तिघं मिळून जेवढे ट्वीटर मारतात तेवढे मोठ्या आवाजानेही मरत नसतील. धूळ फक्त मऊ ब्रशने, आणि काही सॉफ्ट डोमवर मुळातच चिकट लेप असतो त्यावर धूळ बसतेच, ती राहू दे, खरवडू नका.

७. दुरुस्ती आणि सेकंडहँड

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास, किंवा तुमच्या तालुक्याच्या गावीही रिकोनिंग (कोन आणि कॉइल बदलणं) करून देणारे कारागीर असतात, गणपतीच्या आधी त्यांच्याकडे डीजेवाल्यांची रांग लागते. हात त्यांचे चांगलेच असतात. पण ते बाजारात मिळेल तो कोन आणि कॉइल घालतात, पीएच्या (कार्यक्रमात लावायच्या) स्पीकरला चालून जातं, स्टुडिओ मॉनिटरला नाही, कारण आतल्या अॅम्पचा क्रॉसओव्हर (सूर वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणारा भाग) आणि ईक्यू त्याच ड्रायव्हरसाठी जुळवलेला असतो. कोनचं वजन बदललं की सगळं गणित सरकलं. फोम बदलायचा असेल तर त्यांच्याकडून जरूर करून घ्या, मापाचा फोम आणि कॉइल मध्यावर ठेवून, पण कॉइल जळली असेल तर कंपनीचा मूळ ड्रायव्हरच मागवा. जळलीय की नाही हे मल्टिमीटरने कळतं, ड्रायव्हरची वायर सोडवून मोजा, ८ ओमच्या ड्रायव्हरला साधारण साडेपाच ते सात ओम दिसायला हवेत, ४ ओमवाल्याला तीन-साडेतीन. काहीच रीडिंग नाही म्हणजे कॉइल तुटली.

सेकंडहँड घेताना दोन्हीचे सिरियल नंबर जवळचे आहेत का, एकाच बाजूचा वूफर नवाकोरा तर नाही ना (एकच बदललाय म्हणजे मोजून घ्या), फोम असेल तर नखाने अगदी हलकं दाबून चिकटतोय का, आणि वरची अदलाबदलीची परीक्षा विकणाऱ्याच्या घरीच. तो नको म्हणाला तर निघा. वर्षानुवर्षं आडवे, तोंड वर करून ठेवलेले मोठे वूफर असतील तर कोन आत बसलेला असू शकतो, कोनच्या कडेवर मोजपट्टी आडवी धरून दोन्हीची खोली सारखी आहे का बघा.

डाग, ओघळ, सरकलेली टोपी असलेला पण जोडीने सारखा वाजणारा सेट मिळाला तर भाव पाडून घ्यायला ही उत्तम संधी, विकणाऱ्यालाही त्या डागाची लाजच वाटत असते.